उंबरठ्याखालचे

ब्रेस्तच्या बंदराबाहेर, सतरा मीटर खोल,
पिवळ्या बोयाला टांगलेला एक लेझर
सेकंदाला आठ वेळा पाण्यात डोळा उघडतो.
दर उघडझापीला एक होलोग्राम.
चित्र नव्हे;
चित्र होण्याआधी उजेड कुणाला खेटला,
कुठे वळसा घालून उशिरा पोचला,
याची करड्या रेघांतली कबुली.
एकेक कबुली पंधरा एमबीची,
आणि बोयाकडे बोलायला एक म्हातारा रेडिओ.
लहान तोंडी मोठा घास, म्हणतो मेरियादेक,
आणि आझेनोरच्या टेबलावर काम ठेवून जेवायला जातो.

ती दुभंगत बसते.
एक संथ भाग, एक थरथरता.
संथ पुन्हा दुभंगायचा. पुन्हा.
रात्री एकच्या सुमारास तळाशी उरतो
टपालतिकिटाएवढा धुरकट चौकोन
आणि भोवती सहगुणकांची रास,
बहुतेक शून्याच्या इतके जवळचे
की त्यांना शून्यच म्हटलं
तर कुणी भांडायला येत नाही.

मग उंबरठा ठरवायचा.
वरचे आत.
खालचे बाहेर, म्हणजे अंगणातही नव्हे,
कुठेच नव्हे.

फोटोला हे चालतं.
बापाच्या फोटोवर तिने करून पाहिलं होतं, गंमत म्हणून:
कांकालच्या किनाऱ्यावर, कालवांच्या चवाळ्यांमध्ये
गुडघाभर चिखलात फांश.
चाळिसातले एकोणचाळीस भाग फेकले
तरी तो तसाच उभा, तसाच वैतागलेला,
फक्त टोपीची वीण गेली.

होलोग्राम सोसत नाही.
त्याचा कोपरा कापून घ्या, कोपऱ्यातही अख्खा प्राणी असतो,
शितावरून भात, थोडा अंधुक इतकंच.
पण बारीक रेघांना हात लावला
की खोली जाते, लांबचं आणि जवळचं
एकाच पत्र्यावर येऊन चिकटतं.
ज्याला वेव्हलेट किरकोळ समजतं
नेमकं तिथेच पाण्याचं अंतर लिहिलेलं.

तिसऱ्या खेपेला कोपेपॉड परत आला,
तांदळाच्या कणीहून लहान,
शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या, सगळं जागच्या जागी.
मिशा नव्हत्या.
दोन लांब मिशा, ज्यांनी तो
मागून येणारं तोंड ऐकतो.
मेरियादेक म्हणाला, प्रमाण छान आहे,
चाळिसाला एक. अहवालात शोभेल.

रविवारी फांशचा फोन.
काय करतेस सध्या?
लहान लहान असेल ते काढून टाकते.
मीही, तो म्हणाला. चाळण लावतो, बारीक कालवं खाली पडतात.
थोडा थांबून:
पण मी पाण्यात टाकतो.

त्या रात्री तिने उलटं केलं.
ठेवलेलं सगळं बाजूला सारलं
आणि फक्त फेकलेल्यातून प्राणी उभा करायला घेतला.
बारा मिलिमीटर: धुकं.
वीस: धुकं, आणि लेझरची आपली नेहमीची खरखर.
एकतीस मिलिमीटरवर
अंधारात दोन केस.
धड नाही, डोळा नाही,
नुसत्या दोन मिशा, ताणलेल्या,
ऐकत.

ती खुर्ची मागे सारून उठली. कॉफी करून आणली, प्यायली नाही.

पुढचे पाच आठवडे तिने तरंगिकांनाच वाकवलं.
उजेड जेवढी वाट चालून आला
तेवढीच वाट त्यांनाही चालायला लावली,
पाण्यातून, त्याच वेगळ्या वेगळ्या खोलींपर्यंत,
आणि मगच त्यांच्या हातात मापटं दिलं.
मिशा आल्या. डावी जरा तुटक.
प्रमाण बाराला एक.
मेरियादेकने आकडा पाहिला, मग मिशा पाहिल्या,
मग पुन्हा आकडा,
आणि काही न बोलता
बोयाला नवा प्रोग्रॅम पाठवायच्या कागदावर सही केली.

घास अजून मोठाच आहे.
आता बोया आठातला एक पाठवतो,
बाकीचे सात
मिनिटभर जवळ बाळगतो
आणि मग त्यांच्यावर पुढचे लिहितो.
आझेनोर ते मिनिट ओळखते.
कधी जेवताना घड्याळाकडे बघते, उगाच,
आणि फेकलेल्यांची ती एक फाइल
अजून तिच्या डेस्कटॉपवर आहे,
नाव न दिलेली.